रोबोटचा सर्व्हो अक्ष सुरू करण्याचा योग्य क्रम: वायरिंगपासून ट्युनिंगपर्यंत

नवा सर्व्हो अक्ष, म्हणजे मोटर, तिची स्थिती मोजणारा एन्कोडर आणि तिला चालवणारा ड्राइव्ह यांचा संच, जोडला की बहुतेक जण लॅपटॉप लावतात, सॉफ्टवेअर उघडतात आणि पोझिशन गेन, म्हणजे स्थितीतल्या चुकीला ड्राइव्ह किती जोराने उत्तर देतो तो आकडा, वाढवू लागतात. रोबोटचा हात थरथरतो, गेन कमी करतात. मग तो मागे पडतो, पुन्हा वाढवतात. दोन दिवस असेच जातात, आणि दोष निघतो तो मोटरच्या करंटचा आकडा चुकीच्या एककात भरल्यात किंवा एन्कोडर केबलच्या शील्डमध्ये, म्हणजे जाळीच्या आवरणात. रोबोकॉन या रोबोट स्पर्धेची तयारी करणारे विद्यार्थी असोत की भोसरी-चाकणच्या शॉपफ्लोअरवरचे मेंटेनन्सवाले, चूक एकच असते: काम बाहेरून आत केले जाते. सर्व्होचे काम आतून बाहेर करायचे असते. आधी यांत्रिकी आणि वायरिंग, मग मोटरची माहिती, मग एन्कोडर, मग करंट लूप (मोजून चूक सतत दुरुस्त करणारे नियंत्रण), मग वेग, आणि सर्वांत शेवटी पोझिशन. आतला टप्पा कच्चा असेल तर बाहेरचा कोणताही गेन त्याची भरपाई करत नाही.

आकडे हाताशी असावेत म्हणून या लेखात एकच उदाहरण धरले आहे. रोबोटच्या हाताचा एक सांधा, ४८ व्होल्टची ४०० वॅट मोटर, रेटेड वेग ३००० आरपीएम, रेटेड टॉर्क १.२७ न्यूटन-मीटर, रेटेड करंट १० अँपिअर आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ), चुंबकाच्या पोलच्या ५ जोड्या, १००:१ चा, म्हणजे मोटरच्या १०० फेऱ्यांना सांधा एक फेरा फिरवणारा, हार्मोनिक गिअर, आणि सांध्यापासून ५० सेंटिमीटरवर ५ किलो वजन. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत हीच राहील.

## टप्पा १: वीज देण्याआधी कागदावरचा हिशेब

दोन गोष्टी काढा. गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क आणि मोटरला जाणवणारा इनर्शिया (जडत्व).

हात आडवा असताना सांध्यावर येणारा टॉर्क ५ × ९.८१ × ०.५, म्हणजे सुमारे २४.५ न्यूटन-मीटर. गिअरने भागला की मोटरवर ०.२४५. गिअरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर वजन उचलताना ०.३५ न्यूटन-मीटर लागेल. १.२७ च्या मोटरला हे झेपते.

वजनाचा इनर्शिया ५ × ०.५ × ०.५ = १.२५ किलोग्रॅम-मीटर वर्ग. इनर्शिया गिअर गुणोत्तराच्या वर्गाने भागायचा असतो, गुणोत्तराने नव्हे. १०,००० ने भागल्यावर तो १.२५ किलोग्रॅम-सेंटिमीटर वर्ग होतो. मोटरच्या रोटरचा ०.३ असेल तर प्रमाण चारास एक पडते आणि एकूण इनर्शिया १.५५ होतो. हा आकडा लिहून ठेवा, वेग लूपच्या वेळी लागेल.

इथेच ब्रेकिंगच्या ऊर्जेचाही हिशेब करा, कारण ४८ व्होल्टवर काम करणारे तो जवळजवळ कधीच करत नाहीत. हा सांधा पूर्ण वेगात, म्हणजे सेकंदाला १८० अंशांनी फिरत असताना त्यात सुमारे ७.६ ज्यूल ऊर्जा असते. थांबताना ती ड्राइव्हच्या डीसी बसकडे, म्हणजे त्याच्या डीसी पुरवठ्याच्या लाइनकडे, परत येते. बसवर समजा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ४८ व्होल्टला त्यात जेमतेम १.१५ ज्यूल मावतात. सगळी ऊर्जा त्यातच शिरली तर व्होल्टेज १३० च्या वर जाईल. घर्षणात आणि वाइंडिंगमध्ये काही भाग खर्च होतो हे खरे, पण त्या भरवशावर राहू नका. साधी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ही ऊर्जा परत घेऊ शकत नाही. ती ट्रिप होते किंवा जळते. ब्रेकिंग रेझिस्टर आणि तो चालू करणारे सर्किट आधीच बसवा.

## टप्पा २: वायरिंग, अर्थिंग आणि ब्रेक

मोटर केबलचे शील्ड दोन्ही टोकांना क्लॅम्पने सगळ्या बाजूंनी दाबून अर्थ करा. शील्डची वेणी वळून एका लगमध्ये घालणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. उच्च फ्रिक्वेन्सीच्या विद्युत नॉइजसाठी ती वेणी जवळजवळ तुटलेल्या तारेसारखीच असते. एन्कोडर केबल मोटर केबलपासून २० सेंटिमीटर तरी दूर ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. हलत्या सांध्यातून जाणारी केबल सतत वाकण्यासाठी बनवलेलीच हवी. साधी केबल काही महिन्यांत आतून तुटते आणि मग फक्त एका विशिष्ट कोनात एन्कोडर फॉल्ट येतो. तो शोधणे फार छळणारे काम आहे.

ब्रेकबद्दल तीन गोष्टी पक्क्या हव्यात. मोटरमधला ब्रेक धरून ठेवण्यासाठी असतो, फिरता हात थांबवण्यासाठी नाही. त्याच्या कॉइलवर नुसता डायोड लावला तर करंट हळू ओसरतो आणि ब्रेक उशिरा लागतो. उत्पादकाने सांगितलेला व्हॅरिस्टर लावा. आणि सर्व्हो बंद करताना ब्रेक पूर्ण लागेपर्यंत टॉर्क टिकवून ठेवणारा विलंब ड्राइव्हमध्ये भरा. तो शून्य राहिला तर दर वेळी सर्व्हो बंद केल्यावर हात किंचित खाली घसरतो.

इशारा: एसटीओ म्हणजे मोटरचा टॉर्क काढून घेणारी सुरक्षा सोय. ती वीज तोडत नाही आणि वर उचललेला हात धरूनही ठेवत नाही. एसटीओ दाबले आणि ब्रेक नसेल, तर हात पडतो. २३० व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये वीज बंद केल्यावरही बसवर सुमारे ३२५ व्होल्ट राहतात. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबा, मीटरने मोजा, मगच हात लावा.

तपासणी: मोटरचे तिन्ही फेज आणि अर्थ यांच्यात शॉर्ट नाही ना. ब्रेकला २४ व्होल्ट दिल्यावर टक् असा आवाज येतो आणि शाफ्ट हाताने मोकळा फिरतो ना. इमर्जन्सी दाबल्यावर ड्राइव्ह खरोखर एसटीओ दाखवतो ना.

## टप्पा ३: मोटरची माहिती भरणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ऑटो-ट्युनवर, म्हणजे ड्राइव्हने स्वतः गेन शोधण्याच्या सोयीवर, विसंबणाऱ्यांचा तर हमखास, कारण ऑटो-ट्युन तुम्ही भरलेल्या आकड्यांवरच उभे असते.

पोल आणि पोलच्या जोड्या. डेटाशीटवर १० पोल असेल आणि ड्राइव्ह जोड्या मागत असेल तर ५ भरा.

आरएमएस आणि पीक. १० अँपिअर आरएमएस म्हणजे १४.१ अँपिअर पीक. पीक मागणाऱ्या ड्राइव्हमध्ये १० भरलेत तर मोटर ७१ टक्के टॉर्कवरच अडेल आणि तुम्ही मोटर लहान पडली असे समजाल. आरएमएस मागणाऱ्या ड्राइव्हमध्ये १४.१ भरलेत तर वाइंडिंगमधली उष्णता दुप्पट होईल. ही दुसरी चूक लगेच कळत नाही, मोटर जळल्यावर कळते.

दोन फेजमधला रेझिस्टन्स आणि एका फेजचा रेझिस्टन्स. स्टार जोडणीत पहिला दुसऱ्याच्या दुप्पट असतो, इंडक्टन्सचेही साधारण तसेच. आपल्या मोटरचे दोन टर्मिनलमधले आकडे ०.४ ओहम आणि ०.८ मिलिहेन्री आहेत. म्हणजे एका फेजचे ०.२ ओहम आणि ०.४ मिलिहेन्री.

इतका छोटा रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरने मोजू नका. त्याच्या लीड्सचाच रेझिस्टन्स तेवढा असतो. दोन टर्मिनलमधून पॉवर सप्लायने २ अँपिअर सोडा आणि मीटरची टोके थेट टर्मिनलवर टेकवून व्होल्टेज मोजा. ०.८ व्होल्ट आले तर ०.४ ओहम. मोजताना मोटर थंड असू द्या, कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो.

## टप्पा ४: एन्कोडर आणि कम्युटेशन

कम्युटेशन म्हणजे रोटरच्या कोनानुसार तिन्ही फेजमध्ये करंट वळवणे. हे काम मोटर गिअरपासून सोडवूनच करा. सांध्याची रचना तसे करू देत नसेल तर हात काढा, तेही शक्य नसेल तर हात सरळ खाली लोंबता ठेवा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क शून्य राहील.

१. ड्राइव्ह डिसेबल ठेवून शाफ्टवर खूण करा आणि हाताने बरोबर एक फेरा फिरवा. १७ बिटच्या एन्कोडरने १,३१,०७२ काउंट दाखवले पाहिजेत. इन्क्रिमेंटल एन्कोडरवर २५०० लाइन लिहिले असेल तर १०,००० काउंट येतील. काही ड्राइव्ह लाइन मागतात, काही काउंट. इथे चारपटीची चूक सहज होते.

२. उलट फिरवून खुणेवर परत या. आकडा पहिल्या जागी आला नाही तर काउंट गळत आहेत. पुढे जाऊ नका, शील्ड आणि कनेक्टर पाहा.

३. आता ड्राइव्हची अलाइनमेंट चाचणी चालवा. ती फेजमध्ये ठरावीक कोनाचा करंट सोडून रोटर ओढून घेते. रोटर जास्तीत जास्त अर्धा विद्युत फेरा, म्हणजे या मोटरमध्ये ३६ अंश हलेल. रोटर नेमका उलट्या टोकाला असेल तर तो तिथेच अडून बसू शकतो, म्हणून चाचणी दोन वेगवेगळ्या जागांवरून करा. दोन्ही वेळा ऑफसेट, म्हणजे एन्कोडरचा शून्य आणि रोटरच्या चुंबकाची दिशा यांतला कोन, तोच आला पाहिजे.

ऑफसेट चुकला तर टॉर्क त्या कोनाच्या कोसाइनने घटतो. ३० विद्युत अंशांच्या चुकीला ८७ टक्के टॉर्क उरतो, ६० ला निम्मा, ९० ला शून्य. त्यापुढे टॉर्क उलटा होतो आणि मोटर एनेबल करताच सुसाट सुटते. म्हणूनच पहिल्यांदा एनेबल करताना करंट मर्यादा रेटेडच्या १० ते २० टक्क्यांवर ठेवा आणि एक हात इमर्जन्सीवर असू द्या.

इशारा: पुढे कधी हात उलट्या दिशेने फिरतो असे दिसले तर मोटरच्या दोन फेज अदलाबदल करू नका. त्याने मोटरची दिशा बदलते, एन्कोडरची तीच राहते, आणि दोघांचा मेळ तुटतो. दिशा बदलण्यासाठी ड्राइव्हमध्ये वेगळा पॅरामीटर असतो, तोच वापरा.

## टप्पा ५: करंट लूप

मोटरची माहिती बरोबर असेल तर हा टप्पा दहा मिनिटांचा आहे. पीआय (प्रोपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलरचा प्रोपोर्शनल गेन म्हणजे एका फेजचा इंडक्टन्स गुणिले बँडविड्थ, आणि इंटिग्रल गेन म्हणजे रेझिस्टन्स गुणिले बँडविड्थ. बँडविड्थ, म्हणजे लूप किती जलद बदलांना साथ देतो तो आकडा, रेडियन प्रति सेकंदात घ्यायची. १००० हर्ट्झ म्हणजे ६२८३. तर प्रोपोर्शनल ०.०००४ × ६२८३ = २.५ व्होल्ट प्रति अँपिअर, आणि इंटिग्रल ०.२ × ६२८३ = सुमारे १२५७. करंट लूप २० किलोहर्ट्झने चालत असेल तर १००० हर्ट्झ सुरक्षित आहे. लूपच्या वेगाच्या दहाव्या भागापेक्षा वर जाऊ नका.

दोन टर्मिनलमधले आकडे फेजचे समजून भरले असते तर दोन्ही गेन दुप्पट झाले असते. मोटर किंचाळते तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असते, आणि लोक मात्र वेग लूपवर फिल्टर लावत बसतात.

तपासणी: चुंबकाच्या दिशेने, म्हणजे डी-अक्षावर, करंटचा स्टेप द्या. रोटर न हलता लूप तपासता येतो. करंट १० वरून ९० टक्क्यांवर सुमारे ०.३५ मिलिसेकंदात चढला पाहिजे आणि वरून फार उसळता कामा नये. हा स्टेप कमी, रेटेड आणि थोडा वेळ पीक करंटलाही द्या. जास्त करंटला लोखंड सॅच्युरेट होऊन इंडक्टन्स घटतो, आणि कमी करंटला शांत वाटणारा लूप तिथे डोलू लागतो.

## टप्पा ६: वेग लूप

आता गिअर आणि हात जोडा. सॉफ्टवेअरमध्ये प्रवासाच्या मर्यादा आणि करंट मर्यादा भरल्याशिवाय एनेबल करू नका.

आधी हाताची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी मोजा. ब्रेक लावलेला ठेवा, हात आडवा करा, टोकाला मोबाइल घट्ट बांधा, त्याच्या अॅक्सेलरोमीटरचे अॅप सुरू करून हाताला रबरी हातोडीने हलका ठोका द्या. लहरी मोजा. आपल्या सांध्याची समजा १८ हर्ट्झ निघाली. हार्मोनिक गिअर स्प्रिंगसारखा लवचिक असतो, त्यामुळे रोबोटच्या सांध्यांत ही फ्रिक्वेन्सी मशिन टूलपेक्षा बरीच खाली असते. मशिन टूलचे गेन इथे उचलून आणले की हात थरथरणारच.

सुरुवातीला वेग लूपची बँडविड्थ २० हर्ट्झ धरा, म्हणजे १२६ रेडियन प्रति सेकंद. पहिल्या टप्प्यातला एकूण इनर्शिया १.५५ किलोग्रॅम-सेंटिमीटर वर्ग त्याने गुणला की गेन ०.०१९५ न्यूटन-मीटर प्रति (रेडियन/सेकंद) येतो. मोटरचा टॉर्क स्थिरांक १.२७ भागिले १०, म्हणजे ०.१२७ न्यूटन-मीटर प्रति अँपिअर, म्हणून तो ०.१५ अँपिअर प्रति (रेडियन/सेकंद). इंटिग्रल वेळ ३० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. तुमच्या ड्राइव्हची एकके वेगळी असतील, मॅन्युअल पाहून बदला, अंदाजाने नको.

इथून प्रोपोर्शनल गेन थोडा थोडा वाढवा. हाताला कंप जाणवला किंवा मोटर गुणगुणू लागली की थांबा आणि त्या आकड्याच्या ५० ते ६० टक्क्यांवर या. हे एकाच स्थितीत करून सोडू नका. हात पसरलेला असताना इनर्शिया जास्त म्हणून लूप मंद असतो. हात दुमडला की इनर्शिया घटतो, तोच गेन जास्त आक्रमक होतो. स्थिरता दुमडलेल्या हातावर तपासा आणि कामगिरी पसरलेल्या हातावर.

नॉच फिल्टर (एक ठरावीक फ्रिक्वेन्सी गाळणारा) मोजल्याशिवाय लावू नका. शिवाय हार्मोनिक गिअरचा एक कंप नॉचने जातच नाही. या गिअरमधली कोनाची चूक मोटरच्या एका फेऱ्यात दोनदा उमटते. १८ हर्ट्झची फ्रिक्वेन्सी असलेला हात मोटर ५४० आरपीएमला, म्हणजे सांधा सेकंदाला सुमारे ३२ अंशांनी फिरताना थरथरेल, आणि त्याच्या वरखाली शांत राहील. ठरावीक वेगालाच येणारा कंप दिसला तर गेनला हात लावू नका. त्या वेगावर रेंगाळू नका, तो पटकन ओलांडा.

## टप्पा ७: पोझिशन लूप आणि फीडफॉरवर्ड

पोझिशन लूपमध्ये फक्त प्रोपोर्शनल गेन ठेवा. इंटिग्रल वेग लूपमध्ये आहेच. दोन्हीकडे असला की स्थिर घर्षणामुळे हात लक्ष्याच्या आजूबाजूला हळूहळू पुढे-मागे सरकत राहतो, कधी स्थिरावत नाही. गेनची सुरुवात वेग बँडविड्थच्या चौथ्या भागाने करा. १२६ भागिले ४ म्हणजे साधारण ३० प्रति सेकंद.

या गेनला सेकंदाला ९० अंशांच्या वेगात हात ३ अंश मागे राहील. ५० सेंटिमीटरच्या टोकाला हे २६ मिलिमीटर होतात. हा आकडा पाहून लोक गेन दुप्पट-तिप्पट करतात. तसे करू नका. हे मागे राहणे वेगाच्या फीडफॉरवर्डने, म्हणजे चूक होण्याची वाट न पाहता हुकमात आधीच भर घालून, काढायचे असते. १०० टक्के वेग फीडफॉरवर्ड द्या, मग प्रवेगाचा द्या, आणि मार्गाला जर्क मर्यादा, म्हणजे प्रवेग किती झपाट्याने बदलावा याची मर्यादा, घाला. अचानक बदलणाऱ्या प्रवेगाचा प्रत्येक धक्का १८ हर्ट्झला जागे करतो.

गुरुत्वाकर्षणाचा फीडफॉरवर्ड वर-खाली हलणाऱ्या सांध्याला हवाच. त्याचा करंट हिशेबाने २ अँपिअरच्या जवळपास येतो, पण मोजून घ्या. आडव्या स्थितीतून हात अगदी हळू वर न्या, करंट नोंदवा. मग तसाच खाली आणा, पुन्हा नोंदवा. दोन्हींची सरासरी म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि फरकाचा निम्मा भाग म्हणजे घर्षण. पुढे आडव्या स्थितीपासूनच्या कोनाच्या कोसाइनने गुणून हा करंट टॉर्क ऑफसेटमध्ये पाठवा.

## टप्पा ८: कंट्रोलरशी जोडणी

इथरकॅट (औद्योगिक नेटवर्क) आणि सीआयए ४०२ (ड्राइव्हला हुकूम देण्याचे प्रमाणित नियम) असेल तर कंट्रोलवर्डमध्ये ६, मग ७, मग १५ या क्रमाने जा, आणि प्रत्येक पायरीला स्टेटसवर्ड बदलल्याची वाट पाहा. फॉल्ट काढण्यासाठी कंट्रोलवर्डचा बिट ७ (मोजणी शून्यापासून) शून्यावरून एकवर जावा लागतो. तो कायम एक ठेवला तर रीसेट होत नाही.

सर्वांत धोकादायक चूक: सायक्लिक पोझिशन मोडमध्ये, म्हणजे मोड ८ मध्ये, एनेबल करण्याआधी प्रत्यक्ष पोझिशन लक्ष्य पोझिशनमध्ये उतरवायला विसरणे. लक्ष्य शून्य आणि हात ७० अंशांवर असेल तर एनेबल होताच हात झेप घेतो. ६०६४ हेक्समधला (प्रत्यक्ष पोझिशनचा) आकडा ६०७ए हेक्समध्ये (लक्ष्य पोझिशनमध्ये) लिहा, मगच १५ पाठवा. मागे पडण्याची मर्यादाही कधी बंद करू नका. फॉल्ट येतो म्हणून ती बंद करणे म्हणजे शेवटचे कुंपण काढणे.

तपासणी: हात फिरत असताना नेटवर्क केबल काढा. मग मुख्य एमसीबी पाडून लाइट गेल्याची स्थिती तयार करा. दोन्ही वेळा हात न पडता थांबला पाहिजे. या चाचण्या आधी कमी वेगात आणि हाताखाली आधार ठेवून करा.

## टप्पा ९: तासभर चालवून पाहणे

खऱ्या कामाचे चक्र, खऱ्या वजनासह, तासभर चालवा. करंटची सरासरी पाहू नका, आरएमएस काढा. समजा २ सेकंदांच्या चक्रात ०.४ सेकंद १८ अँपिअर, ०.८ सेकंद ५, ०.४ सेकंद १४ आणि ०.४ सेकंद ३ अँपिअर लागतात. सरासरी ९ येते आणि १० अँपिअरच्या मोटरला चालेल असे वाटते. वर्गांची सरासरी काढून वर्गमूळ घेतले तर १०.८ येते. ही मोटर तापत जाईल. उपाय गेनमध्ये नाही. प्रवेग कमी करा किंवा चक्रात विसावा वाढवा.

सगळे ठीक असेल तर पॅरामीटरची फाइल, ड्राइव्हच्या फर्मवेअरची आवृत्ती आणि एन्कोडर ऑफसेट एकत्र साठवा, आणि एक प्रत पॅनलमध्ये कागदावर ठेवा.

## काही बदलले तर कुठून सुरुवात करायची

मोटर किंवा एन्कोडर बदलला: टप्पा ३ पासून. तोच मॉडेल असला तरी ऑफसेट नव्याने काढा.

केबल बदलली किंवा लांब केली: टप्पा २ ची तपासणी, मग टप्पा ४ मधली काउंटची चाचणी.

ग्रिपर किंवा वजन बदलले: टप्पा १ चा हिशेब नव्याने, ब्रेकिंगची ऊर्जा धरून. मग थेट टप्पा ६.

गिअर बदलला किंवा उघडून पुन्हा बसवला: टप्पा ६ पासून, आणि नैसर्गिक फ्रिक्वेन्सी पुन्हा मोजून.

फक्त मार्ग किंवा चक्राचा वेळ बदलला: टप्पा ९, आणि कमाल वेग वाढला असेल तर ब्रेकिंग रेझिस्टरचाही हिशेब. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.